मुक्तस्रोत संगणकप्रणालीतील स्वयंसेवी श्रम आणि मोबदल्याचा प्रश्न : मराठवाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकाच्या पडद्यावर 'जतन करा', 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा' अशी मराठी वाक्ये उमटतात, तेव्हा ती कोणी लिहिली असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पुस्तकाच्या अनुवादकाचे नाव निदान आतल्या पानावर छापलेले असते. संगणकप्रणालीच्या अनुवादकाचे नाव मात्र अनुवादाच्या धारिकेत अगदी वरच्या टीपेत दडलेले असते आणि ती धारिका वापरकर्ता आयुष्यात कधी उघडत नाही. फायरफॉक्स, लिबरऑफिस, ग्नोम, केडीई यांसारख्या मुक्तस्रोत प्रणालींचे मराठी रूप अशा हजारो सुट्या वाक्यांच्या अनुवादातून उभे राहिले आहे. त्यातील काही काम पगारी होते, पुष्कळसे मात्र विनामूल्य झाले. या विनामूल्य श्रमाला मोबदला द्यावा काय, दिल्यास कशाचा द्यावा, आणि न दिल्यास ते श्रम कोणत्या सामाजिक थरातून येत राहतील, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रश्नावर पाश्चात्त्य जगात गेली पंचवीस-तीस वर्षे बरेच लिहिले गेले. त्या विचारांतील गृहीतके नांदेड-लातूरच्या भूमीवर तपासून पाहिली असता ती कोठे टिकतात आणि कोठे डळमळतात, हे येथे पाहावयाचे आहे.

आरंभीच एक भाषिक सोय नोंदवली पाहिजे. इंग्रजीत 'स्वतंत्र' आणि 'विनामूल्य' या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे रिचर्ड स्टॉलमन यांना १९८५ सालच्या ग्नू जाहीरनाम्यापासून पुढे कित्येक वर्षे आपला अर्थ पुनःपुन्हा समजावून सांगावा लागला. मराठीला ही अडचण नाही. मराठीत 'मुक्त' निराळे आणि 'फुकट' निराळे. तरीही आपल्याकडील संगणकशिक्षणात ही दोन्ही एकच मानली गेली, याचे कारण भाषेत नसून व्यवहारात आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून तालुक्या-तालुक्यांत संगणक पोहोचला, ही त्या अभ्यासक्रमाची कामगिरी कोणी नाकारणार नाही. पण त्यातून पोहोचलेला संगणक प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिस यांचाच होता. त्या प्रणाली बहुतेक ठिकाणी पैसे न देताच वापरल्या जात. जिथे मालकीची वस्तूच फुकट मिळते, तिथे मुक्त वस्तूचे वेगळेपण विद्यार्थ्याला कसे कळावे ?

भेटसंस्कृतीचा सिद्धान्त आणि त्याची मर्यादा :

मुक्तस्रोत चळवळीचे समाजशास्त्र सांगणारा सर्वांत गाजलेला लेखक म्हणजे एरिक रेमंड. १९९७ साली त्याने वाचलेला 'कॅथेड्रल आणि बाजार' हा निबंध आणि त्यानंतरच्या वर्षी प्रसिद्ध झालेला त्याचाच पुढील निबंध यांतून त्याने असे प्रतिपादन केले, की संगणकतज्ज्ञांचा हा समाज देवघेवीच्या बाजारावर चालत नाही, तो भेटीच्या संस्कृतीवर चालतो. येथे माणसाचा मान त्याच्याजवळ काय आहे यावर ठरत नाही, तो इतरांना काय देतो यावर ठरतो. अशी संस्कृती टंचाईत जन्म घेत नाही, विपुलतेत घेते, हेही त्याने स्पष्ट सांगितले. संगणकाची शक्ती, साठवणुकीची जागा आणि जालाची जोडणी मुबलक असल्यामुळे या समाजात फक्त प्रतिष्ठेचीच स्पर्धा उरते, असे त्याचे म्हणणे.

रेमंडच्या निरीक्षणात तथ्य आहे, परंतु ते एका विशिष्ट ठिकाणाहून केलेले निरीक्षण आहे. तो जी विपुलता गृहीत धरतो ती २००० नंतरच्या दशकात मराठवाड्यात नव्हती. भारनियमनाच्या काळात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक दिवसातून किती तास चालू राहील हे वीज मंडळाच्या वेळापत्रकावर ठरे. पुढे भ्रमणध्वनीमुळे जाल स्वस्त झाले खरे, पण अनुवाद तपासणे किंवा आज्ञावली लिहिणे यांसाठी लागणारा स्वतःचा संगणक अजूनही ग्रामीण विद्यार्थ्याच्या घरी गृहीत धरता येत नाही. सर्वांत दुर्मीळ वस्तू तर वेळ. सुटीत शेतावर जाणारा, सोयाबीनच्या काढणीला हातभार लावणारा किंवा शहरात खोली करून स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा तरुण आपली संध्याकाळ भेट म्हणून देऊ शकतो काय, हा प्रश्न रेमंडच्या विवेचनात कोठेच येत नाही. फावला वेळ हे एक भांडवलच आहे आणि इतर भांडवलांप्रमाणे त्याचीही वाटणी विषम आहे.

अर्थशास्त्रज्ञ जॉश लर्नर आणि जाँ तिरोल यांनी २००२ साली या प्रश्नाकडे अधिक कोरड्या नजरेने पाहिले. विनामूल्य काम करणारा माणूस प्रत्यक्षात आपल्या कौशल्याची जाहिरात करीत असतो. आज दिलेल्या कामातून उद्याची नोकरी मिळते, म्हणून हे दान नसून लांबणीवर टाकलेला मोबदला आहे, असा त्यांचा युक्तिवाद. आज्ञावलीपुरता तो बराच खरा आहे. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्याने एखाद्या नामांकित प्रकल्पातील दोष दुरुस्त केला, तर पुण्यातील किंवा हैदराबादेतील कंपनीला ती दुरुस्ती वाचता येते आणि तिची किंमत करता येते. परंतु भाषेच्या कामाला हा युक्तिवाद लागू पडत नाही. कोणा विद्यार्थिनीने एखाद्या प्रणालीतील दोन हजार वाक्यांचे नेमके, सुबोध मराठी केले, तर कोणती कंपनी तिची परीक्षा करणार ? मराठीतील अचूकता ही नोकरीच्या बाजारात न चालणारी मुद्रा आहे. म्हणजे प्रतिष्ठेचा जो मोबदला आज्ञावली लिहिणाऱ्याला मिळतो, तोही अनुवादकाला मिळत नाही. मुक्तस्रोताच्या अर्थशास्त्रावरील चर्चेत आज्ञावली आणि अनुवाद यांना एकाच मापाने मोजले जाते, हा त्या चर्चेतील मोठा दोष मानावा लागेल.

दान, सावड आणि वेठ :

पाश्चात्त्य अभ्यासक या श्रमाला भेट म्हणतात, आपल्याकडे त्याला सरसकट 'योगदान' म्हटले जाते. पण विनावेतन श्रमासाठी मराठीत एकच शब्द नाही, आणि ही शब्दसंपत्ती या विषयाच्या आकलनास इंग्रजीपेक्षा अधिक उपयोगी पडते. श्रमदानात देणारा परतफेड मागत नाही. सावडीत एकेक बैल असणारे दोन शेतकरी एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबतात. तेथे हिशेब असतो, फक्त तो पैशात नसतो. इर्जिकीत गावकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरतात आणि ज्याचे शेत त्याने सर्वांना पोटभर जेवू घालायचे असते. बलुत्यात सेवेबद्दल वर्षाकाठी धान्याचा वाटा मिळतो, परंतु सेवा नाकारण्याचे स्वातंत्र्य नसते. आणि वेठ म्हणजे मोबदलाही नाही व नकारही नाही. निजामी राजवटीत वेठबिगारीचा अनुभव घेतलेल्या या प्रदेशात तो शब्द अजून पुरता जुना झालेला नाही. मन न लावता काम उरकणे याला मराठीत 'वेठ मारणे' म्हणतात, हे येथे ध्यानात घ्यावे. सक्तीने घेतलेले फुकट काम कसे होते, याची आठवण भाषेने आपल्यापाशी ठेवली आहे.

मुक्तस्रोताचा आदर्श सावडीचा आहे. प्रत्येकाने इतरांची प्रणाली वापरायची आणि आपली सुधारणा सर्वांना परत द्यायची, हाच ग्नू परवान्याचा आशय होय. परंतु सावडीला दोन्ही बाजूंना बैल लागतो. एका बाजूला अब्जावधींचा नफा कमावणारी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला रात्री जागून तीच प्रणाली सांभाळणारा एकटा माणूस असेल, तर ती सावड राहत नाही. २०१४ साली 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला तेव्हा जगातील आर्थिक व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर इतक्याच देणग्या मिळत होत्या, हे जगाला कळले. मार्च २०२४ मधील 'एक्सझेड' प्रकरण त्याहून बोलके आहे. थकलेल्या, एकाकी प्रतिपालकाला मदतीचा हात देण्याच्या मिषाने एका अज्ञात व्यक्तीने सुमारे दोन वर्षे विश्वास संपादन केला आणि अखेर त्या प्रकल्पात चोरवाट बसवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणक नेहमीपेक्षा किंचित सावकाश चालल्याचा संशय आला नसता तर ती उघडकीस येण्यास आणखी किती काळ गेला असता, कोण जाणे. या दोन्ही प्रकरणांत अपुरे होते ते मनुष्यबळ. कौशल्याची वाण नव्हती.

पैसा आला की काय होते :

मग पैसे द्यावेत, हा सरळ उपाय दिसतो. तो दिसतो तितका सरळ नाही, हे डेबियन प्रकल्पाने २००६ साली अनुभवले. नवी आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून तेथील दोन प्रकाशन-व्यवस्थापकांना प्रत्येकी महिनाभर पूर्णवेळ काम करण्यासाठी मानधन देण्याची 'डंक-टँक' नावाची योजना काढण्यात आली. हजाराच्या आसपास स्वयंसेवकांपैकी दोघांनाच पैसे का, हा प्रश्न लगेच उठला. काहींनी निषेध म्हणून आपला हात आखडता घेतला. डिसेंबर २००६ मध्ये अपेक्षित असलेली आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये निघाली. विलंबाला अनेक कारणे असतील. पण पैशामुळे काम लवकर झाले असे मात्र म्हणता आले नाही.

रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाच्या अभ्यासातून हाच धोका दाखवला होता. रक्ताला किंमत लावली की दानाची प्रेरणा मागे पडते आणि रक्ताची प्रतही घसरते, असे त्यांचे म्हणणे होते. (भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर व्यावसायिक रक्तदाते बंद झाले, शिबिरांतून डबे आणि पिशव्या वाटण्याची प्रथा मात्र बंद झालेली नाही.) छोट्या बक्षिसाने काय होते याचा धडा भारतीय विद्यार्थ्यांच्या संदर्भात २०२० च्या ऑक्टोबरात मिळाला. 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात चार सुधारणा सुचवणाऱ्यास एक टी-शर्ट मिळे. त्या वर्षी एखादे विशेषण वाढवणे, रिकामी जागा सोडणे अशा निरर्थक सुधारणांचा पूर लोटला, आणि भारतातील एका शैक्षणिक चित्रफितीत नमुना म्हणून दाखवलेले वाक्य जसेच्या तसे कित्येक प्रकल्पांवर येऊन आदळले. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून तयारी दाखवतील त्यांच्यापुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. यावरून भारतीय विद्यार्थ्यांची हेटाळणी पुष्कळ झाली. ती अन्याय्य होती. संख्या मोजून बक्षीस देणाऱ्या योजनेला विद्यार्थ्यांनी संख्या पुरवली, एवढेच त्यात घडले. 'लातूर पॅटर्न'च्या छायेत वाढलेल्या, गुण हीच गुणवत्तेची एकमेव खूण मानण्यास शिकवल्या गेलेल्या मुलांकडून दुसरी कोणती अपेक्षा करावयाची ?

बक्षिसाच्या योजनेत आणखी एक दोष आहे आणि तो मराठवाड्याने जलसंधारणात पाहिला आहे. २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिले पारितोषिक ५० लाख रुपयांचे होते आणि ते व्यक्तीला नव्हे, गावाला मिळणार होते. बक्षीस सामूहिक असल्यामुळे श्रमदानाची भावना मारली गेली नाही, ही त्या रचनेतील शहाणपणाची बाब म्हणावी लागेल. परंतु स्पर्धा उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत झालेल्या नव्या कामाची होती. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर चरात साचलेला गाळ उपसणाऱ्याला कोणी करंडक देत नाही. संगणकप्रणालीतही नवे काही निर्माण करणाऱ्याकडे लक्ष जाते. आलेल्या सुधारणा तपासणारा, जुने दोष दुरुस्त करणारा, दुसऱ्याच्या अनुवादातील चुका काढणारा माणूस कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ नंतरच्या पहिल्या आठवड्यांत, मदतीला धावून आलेल्या हातांची उणीव नव्हती. घरांची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी मात्र जागतिक बँकेच्या साहाय्याने वर्षानुवर्षे चाललेल्या शासकीय कार्यक्रमातूनच होऊ शकली. धावून जाण्याचे काम स्वयंस्फूर्तीवर होते. पुढे वर्षभर थांबण्याचे काम तिच्यावर सोपवता येत नाही.

हजूर साहिबचा लंगर :

सेवा आणि पैसा यांची सांगड कशी घालावी याचा एक जुना, जिवंत नमुना नांदेड शहरातच आहे, आणि या विषयाच्या संदर्भात त्याची दखल घेतली गेली पाहिजे. १७०८ साली गुरु गोविंदसिंहांनी जेथे देह ठेवला त्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे लंगर चालतो. लसूण सोलणारे, पोळ्या लाटणारे, ताटे घासणारे हात सेवेचे असतात. कोणाची हजेरी घेतली जात नाही, कोणाला प्रमाणपत्र मिळत नाही. श्रीमंत व्यापारी आणि हमाल एकाच परातीभोवती बसतात. परंतु याच लंगराला गहू, डाळ, इंधन आणि प्रचंड भांडी लागतात. त्यांचा खर्च भाविकांच्या देणगीतून, उत्पन्नाचा दहावा भाग देण्याच्या परंपरेतून भागतो. गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मंडळाकडे आहे आणि त्याच्या नियमित कामांसाठी पगारी सेवकवर्गही आहे. सेवेचे पावित्र्य राखण्यासाठी धान्यही सेवेतूनच यावे असा हट्ट तेथे कोणी धरत नाही, आणि धान्य विकत आणले म्हणून पोळी लाटणाऱ्याची सेवा बाटली असेही कोणाला वाटत नाही.

हा नमुना मुक्तस्रोत समाजाला बराच जुळतो. पण पूर्ण जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही ती जागा महत्त्वाची आहे. लाटणारा एक भाविक उठला की त्याच्या जागी दुसरा बसतो. हे काम शिकण्यास दोन मिनिटे पुरतात. एखाद्या प्रणालीचा प्रतिपालक उठला तर त्याच्या जागी कोणी बसू शकत नाही, कारण त्याचे ज्ञान वर्षांच्या सहवासातून आलेले असते. म्हणून लंगरापासून घ्यावयाचा धडा असा, की ज्या कामात माणूस बदलता येतो ते सेवेवर सोडता येते, आणि ज्यात तो बदलता येत नाही त्याच्या चरितार्थाची काळजी संस्थेने घेतली पाहिजे.

मराठीतील अनुभव :

मराठी मुक्तस्रोताच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार आढळतात. २००० च्या सुमारास मुंबईत सुरू झालेला इंडलिनक्स हा प्रकल्प मुख्यतः ध्येयवेड्या स्वयंसेवकांचा होता. त्याच दशकात रेड हॅट कंपनीच्या पुणे कार्यालयातून भारतीय भाषांतील अनुवादाचे काम पगारी तज्ज्ञांकडून होऊ लागले. याच कंपनीने २००४ साली लोहित टंकसंच मुक्त परवान्याखाली खुले केले. शासनाच्या बाजूने सी-डॅकने २००७ साली 'बॉस' ही प्रणाली आणली. टंकांचे काम किचकट, दीर्घ आणि कंटाळवाणे असते. ते पगारी माणसांनी केले आणि ते टिकले. श्रीलिपीसारख्या व्यापारी टंकांत जुळवलेले मराठवाड्यातील त्या काळातील कित्येक गौरवग्रंथ आणि महाविद्यालयीन नियतकालिके आज संगणकावर शोधता येत नाहीत, त्यातील एक शब्दही जालावर सापडत नाही. ही हानी पाहिली म्हणजे मुक्त टंकावर झालेला खर्च किती मोलाचा होता हे ध्यानी येते.

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा मात्र जवळजवळ पूर्णपणे विनामूल्य श्रमाचा आविष्कार आहे. ज्ञानकोशाच्या कामाला मराठीत पैसा कसा उभा राहिला, याचा इतिहास येथे तुलनेला घेण्याजोगा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी मर्यादित कंपनी स्थापून, भाग आणि वर्गणीदार मिळवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालील मराठी विश्वकोशाला शासनाचा आधार होता. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा खंड निघण्यास २०१५ साल उजाडले. कंपनी, शासन आणि स्वयंसेवा या तीन मार्गांपैकी पहिल्या दोहोंत लेखकाला, निदान तत्त्वतः, मानधन होते. तिसऱ्यात ते नाही. त्याऐवजी २०१२ पासून बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेला विकिमीडिया प्रतिष्ठानचे अनुदान मिळू लागले आणि त्यातून कार्यशाळा, प्रशिक्षण, समन्वय यांचा खर्च झाला. २०१८ सालच्या 'प्रोजेक्ट टायगर' या उपक्रमात तर गूगलच्या साहाय्याने मराठीसह अनेक भारतीय भाषांतील सक्रिय संपादकांना लॅपटॉप आणि जालजोडणीचा खर्च देण्यात आला. त्याला जोडून लेखनस्पर्धाही झाली. या योजनेचे दोन भाग परस्परांहून अगदी भिन्न प्रकृतीचे होते. लॅपटॉप देणे म्हणजे लंगराला परात देणे. लेखांची संख्या मोजून बक्षीस देणे म्हणजे टी-शर्ट वाटणे. दोहोंना एकाच नावाखाली 'प्रोत्साहन' म्हटल्यामुळे त्यांतील भेद झाकला गेला.

'गूगल समर ऑफ कोड' या २००५ पासूनच्या योजनेतही असाच एक झाकलेला भेद आहे. विद्यार्थ्याला मुक्तस्रोत प्रकल्पावर काम करण्यासाठी मानधन देणारी ही योजना असंख्य भारतीय तरुणांना उपकारक ठरली, यात शंका नाही. परंतु २०१७ पासून हे मानधन विद्यार्थ्याच्या देशातील क्रयशक्तीनुसार ठरू लागले. एकाच प्रकल्पावर, एकाच दर्जाचे काम करणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्याहून भारतीय विद्यार्थ्याला कमी रक्कम मिळू लागली. श्रम जागतिक आणि दर मात्र गावचा, हा न्याय शेतमालाच्या बाबतीत मराठवाड्याला अपरिचित नाही. भारतातून निर्माण झालेला मोठा निधी म्हणजे झिरोधा या कंपनीने २०२४ साली जाहीर केलेला, वर्षाला १० लाख डॉलरचा 'फ्लॉस फंड'. त्याची रचना स्वागतार्ह आहे. तरी किमान १०,००० डॉलरपासून सुरू होणारे साहाय्य जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पांना सोयीचे आहे. मराठी शब्दशुद्धी तपासणाऱ्या कोशासारखे काम, ज्याची संपूर्ण गरज एक संगणक आणि एका जाणत्या माणसाचे काही महिने एवढीच असते, ते या चाळणीतून खाली पडते. मोठ्या निधीला लहान गरज दिसत नाही.

विद्यापीठीय मूल्यमापन आणि अदृश्य श्रम :

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मराठी भाषेची जाण असलेली माणसे सर्वाधिक संख्येने कोठे एकत्र आढळतात, असे विचारल्यास १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांकडेच बोट दाखवावे लागेल. साहजिकच मुक्तस्रोताच्या मराठीकरणाचा प्रश्न येथे येऊन ठेपतो. येथील मोबदल्याचे चलन रुपया नसून गुणांक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील तक्त्यात भाषा व मानव्यविद्यांच्या शोधनिबंधाला १० गुण, अनुवादित पुस्तकाला ८ आणि अनुवादित प्रकरणाला ३ गुण ठरवण्यात आले. लाखो लोक रोज वापरतील अशा प्रणालीच्या मराठी अनुवादाला त्या तक्त्यात रकाना नव्हता. शंभर प्रतींपलीकडे न जाणारे अनुवादित पुस्तक अनुवाद ठरते आणि 'जतन करा' हा शब्द ठरवण्यासाठी झालेला काथ्याकूट अनुवाद ठरत नाही, ही विसंगती अनुवादमीमांसेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. येथे हेही नमूद केले पाहिजे, की ज्या समीक्षित नियतकालिकांतील निबंधांना १० गुण मिळतात त्यांचे समीक्षकही बहुधा विनामूल्यच काम करतात, आणि त्यांच्या त्या श्रमालाही गुण नाहीत. निर्मितीला मोल आणि तपासणीला शून्य, हा प्रकार संगणकविश्वापुरता नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहता, १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा देणे अपेक्षित असते. या तासांत वृक्षारोपण, स्वच्छता, सर्वेक्षण यांना स्थान आहे. मराठी भाषा पंधरवड्याच्या निमित्ताने अलीकडे महाविद्यालयांतून विकिपीडिया कार्यशाळाही होऊ लागल्या आहेत. त्यांचे छायाचित्र आणि अहवाल मूल्यांकनाच्या कामी येतात. पण कार्यशाळेच्या दुपारी भराभर टाकलेले, कोठून तरी उतरवलेले लेख पुढे कोण निस्तरतो, हे अहवालात येत नाही. निस्तरणारा असतो एखादा जुना, विनामूल्य राबणारा संपादक. म्हणजे संस्थेला मिळालेल्या गुणांची किंमत तो आपल्या रात्रीच्या झोपेतून चुकवतो. अशा कार्यशाळांना सेवा म्हणावयाचे की दुसऱ्यावर लादलेली वेठ, याचा विचार आयोजकांनी अवश्य करावा.

म्हणून अनुवादाला गुण द्या, ही मागणी वरवर न्याय्य वाटली तरी ती जशीच्या तशी मान्य करता येत नाही. वाक्यांच्या संख्येवर गुण दिले तर ऑक्टोबर २०२० चीच पुनरावृत्ती मराठीत होईल, आणि यंत्रानुवादाच्या आजच्या काळात ती अधिक सहजतेने होईल. हजार वाक्यांचे मराठी यंत्र क्षणात करून देते. त्यातील 'रन' या शब्दाला 'धावा' असा प्रतिशब्द आला आहे, तो 'चालवा' असा हवा, हे सांगणारा माणूसच आता दुर्मीळ आहे. गुण असोत वा पैसा, तो या माणसाकडे गेला पाहिजे. एखाद्या मध्यम आकाराच्या प्रणालीत ५,००० वाक्ये आहेत असे धरले आणि जाणकार माणूस तासाला ५० वाक्ये नीट तपासतो असे मानले, तर सबंध काम १०० तासांचे होते. सेवा योजनेतील एका स्वयंसेवकाच्या वर्षभराच्या तासांपेक्षाही हे कमी आहे. तथापि हे काम त्या स्वयंसेवकाचे नाही. भाषेचा अभ्यास ज्याने केला आहे, ज्याच्याकडे पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र आहे आणि जो आज मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आहे, त्याचे ते काम आहे. त्याच्या मानधनाचे देयक कित्येकदा सत्र संपल्यावर निघते. अशा माणसाकडे मराठीच्या सेवेसाठी आणखी १०० तास विनामूल्य मागणे कोणत्या तोंडाने मागावे ? तेच १०० तास त्याच्या नेहमीच्या तासिकेच्या दराने, महाविद्यालयाच्या भाषा विभागाच्या तरतुदीतून देऊ केले, तर येणारी रक्कम एका राष्ट्रीय चर्चासत्राच्या भोजन, मंडप आणि स्मरणिकेवर होणाऱ्या खर्चाच्या शेजारी मांडून पाहावी.